सोलापूरहून समुद्रपक्षी पाहायला जायचे आहे: किनारा आणि वेळ कशी निवडावी?

हिप्परगेकर

नमस्कार. आम्ही सोलापुरातले काही शिक्षक आणि निवृत्त मंडळी सुट्टीच्या दिवशी एकत्र पक्षिनिरीक्षणाला जातो. आमचा सगळा अनुभव माळरानाचा आणि गोड्या पाण्याचा आहे: नान्नजचा गवताळ माळ, हिप्परग्याचा एकरुख तलाव, शहरातला संभाजी तलाव आणि हिवाळ्यात उजनीचा फुगवटा. उजनीवर रोहित, पट्टकादंब, नदी सुरय (टर्न) आणि कुरव (गल) यांचे थवे आम्ही पाहिले आहेत. समुद्रकिनाऱ्यावर मात्र आम्ही आजवर केवळ पक्ष्यांसाठी असे कधी गेलो नाही.

सोलापूरकरांचा समुद्राशी संबंध बहुधा गणपतीपुळ्याच्या कौटुंबिक सहलीपुरताच येतो. दर्शन आणि जेवण आटोपून दुपारी तीनच्या सुमारास पुळणीवर उतरले की कावळे, एखादी ब्राह्मणी घार आणि लाटेच्या कडेला एखादा बगळा यापलीकडे काही दिसत नाही, असा आमच्यातल्या बहुतेकांचा अनुभव आहे. त्यामुळे "किनाऱ्यावर पक्षी असतात तरी कुठे?" हा प्रश्न आमच्या बैठकीत वारंवार निघतो, आणि एक ज्येष्ठ सदस्य तर असे ठामपणे म्हणतात की जे कुरव उजनीवर दीड-दोन तासांत गाठता येतात तेच पाहण्यासाठी घाट उतरण्यात काही अर्थ नाही.

यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची धामधूम ओसरली की जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत दोन रात्रींच्या मुक्कामाने कोकणात जाण्याचा विचार आहे. आमच्याकडे साध्या दुर्बिणी आहेत, एका मित्राकडे तिपाईवर लावायचा स्पॉटिंग स्कोपही आहे. कोणता किनारा निवडावा, दिवसाच्या कोणत्या वेळी तिथे उभे राहावे, भरती-ओहोटीचा हिशेब तीनशे किलोमीटर अंतरावर बसून कसा करावा, आणि हिवाळ्यात सगळे कुरव व सुरय पांढरे-राखाडी दिसत असताना त्यांत फरक कसा ओळखावा, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास उपकृत होऊ.

सड्यावरचा

हिप्परगेकर, आपण दुपारी तीनला पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलात, तिथेच निम्मे उत्तर आहे. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे दुपारनंतर सूर्य थेट डोळ्यांवर येतो, पाणी चकाकू लागते आणि समोरून उडणारा प्रत्येक पक्षी काळी आकृती होऊन जातो. सकाळी हेच सगळे उलट असते. सूर्य आपल्या पाठीशी, डोंगरामागून वर येतो आणि त्याचा प्रकाश पक्ष्याच्या अंगावर, चोचीवर आणि पायांवर सरळ पडतो. जानेवारीअखेर सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो. पाठीमागचे डोंगर आणि माडांच्या बागा यांमुळे पुळणीवर ऊन यायला आणखी थोडा वेळ लागतो, पण त्या सावलीतही पक्षी दुपारपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात. कोकणात समुद्रपक्षी पाहायचे ते सकाळी दहाच्या आत, हा नियम मी कधीही मोडत नाही. संध्याकाळ सूर्यास्ताच्या छायाचित्रांसाठी सोडून द्यावी.

उरलेले निम्मे उत्तर भरती-ओहोटीत आहे. ओहोटीला पाणी मागे हटते तेव्हा तुतवार, चिखल्या, कर्ल्यू यांसारखे काठावरचे पक्षी उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर आणि खाडीतल्या चिखलावर दूरवर पांगून किडे, शिंपले, लहान खेकडे टिपत असतात. पाणी चढू लागले की त्यांची जागा आकसत जाते आणि ते थव्याथव्याने कोरड्या वाळूकडे, म्हणजे आपल्याकडे सरकतात. भरती पूर्ण होते तेव्हा कुरव, सुरय आणि हे सगळे पक्षी एखाद्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीने विसावलेले सापडतात, बहुतेक सगळे वाऱ्याकडे तोंड करून. म्हणून चढत्या भरतीचे शेवटचे दोन तास आणि सकाळचे ऊन यांचा मेळ ज्या दिवशी बसतो, तो दिवस निवडायचा.

त्यासाठी मोबाइलवरची भरतीची वेळापत्रके आहेतच, परंतु सोलापुरात भिंतीवर टांगलेली दिनदर्शिकाही पुरते. कोकणात जुना हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा-बारा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू करायची. दिवसात भरती दोनदा येते, त्यामुळे तीच वेळ दिवसाची आणि रात्रीची अशी दोन्ही धरायची, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी मानायची. भरती रोज सुमारे पाऊण तासाने, घड्याळाने मोजल्यास सरासरी पन्नास मिनिटांनी, पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जुळतो. मात्र हा मुंबई-अलिबागकडचा ठोकताळा आहे. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, त्यामुळे रत्नागिरी-मालवणकडे पाणी काहीसे आधी चढते.

यावरून आपल्याला हवा तो दिवस काढता येतो. सकाळी साडेआठ-नऊला भरती पूर्ण व्हावी असे वाटत असेल तर द्वादशी-त्रयोदशी गाठावी. रत्नागिरीच्या दक्षिणेला जाणार असाल तर त्रयोदशी अधिक बरी. चतुर्थीच्या आसपास आलात तर भर सकाळी ओहोटी असेल आणि पक्षी स्कोपमधूनही ठिपक्यांएवढे दिसतील. त्यातही माघ शुद्ध चतुर्थीला गणेशजयंती असते, तेव्हा गणपतीपुळ्याच्या पुळणीवर पाय ठेवायला जागा नसते. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी थेट माडांच्या मुळांपर्यंत चढून विसाव्याची वाळूच शिल्लक राहत नाही आणि पक्षी खाडीत किंवा खडकांवर निघून जातात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्या दिवसांत पक्षी दिसतात, पण आपल्याकडे ढकलले जात नाहीत.

जागेबद्दल एकच सांगेन. लांबच लांब सरळ पुळण पाहायला सुंदर असली तरी पक्ष्यांना ती फारशी उपयोगाची नसते. जिथे नदी किंवा खाडी समुद्राला मिळते तिथे गाळ, गोडे-खारे पाणी, मासळी आणि वाळूचे दांडे हे सगळे एकत्र येते, आणि पक्षी तिथेच जमतात. अंजर्ल्याला जोग नदीचे मुख, रत्नागिरीला काजळी नदीच्या मुखाशी भाट्ये, मालवणच्या दक्षिणेला कर्ली नदीच्या संगमावरचे देवबाग या जागा मी याच कारणासाठी सुचवतो. अलिबागजवळच्या आक्षीचे नाव मुंबईचे पक्षिनिरीक्षक फार घेतात आणि ते योग्यच आहे, पण सोलापूरहून ते आडवाटेला पडते. आपल्याला मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाटमार्गे रत्नागिरी हाच सरळ रस्ता आहे.

पूर्वभाग

मी सोलापुरातच राहते, आणि हिप्परगेकर सरांच्या त्या ज्येष्ठ सदस्यांच्या शंकेचे उत्तर द्यावेसे वाटते. उजनीवरचे कुरव समुद्रावरही दिसतात हे खरे आहे, आणि नेमके त्याच कारणासाठी आधी उजनी नीट पाहावी आणि मग घाट उतरावा, असे माझे मत आहे. किनाऱ्यावर एका थव्यात चार-पाच जातींचे कुरव आणि तितकेच सुरय मिसळून बसलेले असतात. त्यांतली एक जात तरी घट्ट ओळखीची असली की बाकीच्यांचा आकार, चोच आणि उभे राहण्याची ढब तिच्याशी ताडून पाहता येते.

पहिला फरक कुरव आणि सुरय यांतला. कुरव अंगाने भरीव, रुंद पंखांचा असतो, शेपटी बहुधा गोलसर किंवा सरळ कापलेली असते, आणि तो पाण्यावर निवांत पोहत बसतो. सुरय सडपातळ, टोकदार पंखांचा, बहुतेक वेळा दुभंगलेल्या शेपटीचा असतो. उडताना चोच खाली वळवून पाणी न्याहाळत असतो, मासा दिसला की हवेत क्षणभर थबकून सूर मारतो, आणि पाण्यावर क्वचितच बसतो. उजनीवरचा पिवळ्या चोचीचा नदी सुरय डोळ्यांसमोर ठेवला तर समुद्रावरचे त्याचे भाऊबंद पहिल्या नजरेत कळतात.

सुरयांच्या बाबतीत चोचीचा रंग बराच निकाल लावतो. गडद नारिंगी चोच आणि डोक्यावर विस्कटल्यासारखा काळा तुरा असेल तर तो लहान तुरेवाला सुरय. अंगाने त्याहून मोठा, चोच फिकट किंवा हिरवट पिवळी असेल तर मोठा तुरेवाला. चोच काळी आणि फक्त टोक पिवळे असेल तर सँडविच सुरय. चोच काळी, आखूड आणि कुरवासारखी जाड असेल तर गल-बिल्ड सुरय, जो आपल्या तलावांवरही येतो. आणि कुरवाएवढा मोठा, लालभडक जाड चोचीचा पक्षी दिसला तर तो कॅस्पियन सुरय. त्याच्याविषयी शंका राहतच नाही.

कुरवांत अवघड जोडी म्हणजे तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. हिवाळ्यात दोघांचेही डोके पांढरे असते आणि कानामागे फक्त एक गडद डाग उरतो, तेव्हा नावावर विसंबून काहीच उपयोग नाही. बसलेल्या पक्ष्यापेक्षा उडणाऱ्याचा पंख पाहावा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखाचे टोक काळेभोर असते आणि त्यात पांढरे ठिपके आरशासारखे चमकतात. शिवाय त्याचा डोळा फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढऱ्या पाचरीसारखी उजळलेली असते आणि डोळा गडद असतो. फेब्रुवारी सरता सरता काहींच्या डोक्यावर रंग चढू लागतो आणि काम सोपे होते. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच तलावांवर वीण करतो. त्यामुळे त्याला समुद्रपक्षी म्हणावे की डोंगरी तळ्यांचा पक्षी, हा प्रश्न मला नेहमी गमतीचा वाटतो.

मोठ्या कुरवांत पिवळी चोच, तिच्या टोकाजवळ काळा पट्टा आणि बदकालाही लाजवील असा आकार दिसला तर तो पल्लासचा कुरव. पाठ गडद राखाडी आणि पाय पिवळे असतील तर सैबेरियाच्या टुंड्रातून येणारा ह्यूग्लिनचा कुरव. लहान वयाचे मोठे कुरव सगळे तपकिरी-चट्टेरी असतात. त्यांच्या नादी पहिल्या सहलीत लागू नये, एवढेच सांगते.

सड्यावरचा यांनी हर्णैचा उल्लेख केला नाही याचे मला आश्चर्य वाटले. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो आणि हिवाळ्यात कुरवांची तिथे रीघ लागते. नवख्या मंडळींना जवळून ओळख पटवायला त्याहून सोपी जागा मला माहीत नाही.

सड्यावरचा

पूर्वभाग ताई, हर्णै मी जाणूनबुजून टाळले. कुरव तिथे भरपूर असतात, याबद्दल वाद नाही. पण बंदरावर पक्षी पाहणे म्हणजे टाकून दिलेल्या मासळीवर जमलेली गर्दी पाहणे. तिथे कुरव दिसतात, किनाऱ्याचा व्यवहार दिसत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे सकाळी रापण ओढली जात असेल तर तिच्याभोवतीचे पक्षी पाहावेत. जाळे काठाशी येऊ लागले की सुरय वरून सूर मारतात, कुरव कडेने तरंगत राहतात, घारी वर घिरट्या घालतात आणि काळा समुद्र-बगळा माणसांच्या पायांशी येऊन उभा राहतो. कोण कशावर आणि कुठल्या अंतरावरून जगतो, हे तासाभरात कळते.

दुसरे कारण खाऊचे. हल्ली बोटींतून आणि धक्क्यांवरून कुरवांना शेव-गाठी फेकण्याची आणि त्या झुंबडीची छायाचित्रे काढण्याची चाल सर्वत्र पडली आहे. उजनीच्या फुगवट्यावरही ती दिसते. तळलेले, खारवलेले पीठ हे त्या पक्ष्याचे अन्न नव्हे, एवढे सांगूनही कोणी ऐकत नाही. आपल्या गटात शिक्षक आहेत म्हणून मुद्दाम लिहिले.

याच ओघात आणखी एक. भरतीच्या वेळी वाळूवर विसावलेला थवा उडवण्याचा मोह फार होतो, कारण छायाचित्र देखणे येते. पण ओहोटी लागेपर्यंत त्या पक्ष्यांना चरायला जागा नसते, तो त्यांचा विश्रांतीचा काळ असतो. एप्रिलपर्यंत अंगावर चरबी साठवून त्यांना हजारो किलोमीटर उत्तरेकडे जायचे असते, आणि पुळणीवरची कुत्री, घोडागाड्या आणि वाळूवर घातलेल्या मोटारी त्यांना आधीच पुरेसे उडवत असतात. थव्यातले पक्षी माना वर करून एका दिशेने चालू लागले की आपण अधिक जवळ आलो असे समजावे आणि थांबावे. स्कोप असताना जवळ जाण्याची गरजही नाही.

हिप्परगेकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तिथीचा हिशेब आमच्या मंडळींना फारच आवडला. एका अडचणीकडे मात्र लक्ष वेधतो: माघ शुद्ध एकादशीला पंढरपुरात माघी वारी असते, तेव्हा त्या आगेमागे पंढरपूरवरून जाणे टाळून मंगळवेढ्याचाच रस्ता धरावा लागेल. एकादशीला दुपारी निघून मुक्कामी पोचायचे आणि द्वादशी-त्रयोदशीच्या दोन सकाळी भाट्ये व परिसरात घालवायच्या, असे ठरत आहे.

या चर्चेतून एक नवा प्रश्न निघाला. कुरव तिबेटच्या तलावांवरचे, चिखल्या आणि तुतवार टुंड्रातले, आणि अनेक सुरय तर आमच्या तलावांवरही येणारे. मग ज्यांना निखालस समुद्राचेच म्हणता येईल, जे जमिनीवर केवळ विणीपुरते येतात, असे पक्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून दिसतात की नाही? दिसत असतील तर केव्हा?

निवतीचा दिवा

दिसतात, पण ज्या दिवसांत पर्यटक कोकणाकडे पाठ फिरवतात त्या दिवसांत. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्र ढवळून काढतात. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत, तसेच आपल्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ, खोलातले थंड आणि पोषक पाणी वर येते, त्यावर प्लवक आणि मासळी वाढते, आणि तिच्यामागे खुल्या समुद्रातले पक्षी येतात. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर वीण करणारा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल त्यांपैकी एक. चिमणीहून थोडासाच मोठा, काळपट, कमरेवर पांढरा पट्टा असलेला हा पक्षी तिकडच्या हिवाळ्यात अरबी समुद्रात असतो आणि पाण्यावर पाय टेकवत नाचल्यासारखा उडत अन्न टिपतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या बेटांवर वीण करणारा फ्लेश-फूटेड शिअरवॉटरही याच दिवसांत इकडे येतो. शिवाय नॉडी, काळपट पाठीचे सुटी आणि ब्रायडल्ड सुरय, बूबी, आणि क्वचित फ्रिगेटबर्ड.

यांतल्या अनेकांना गोडे पाणी लागतच नाही. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथींमधून ते रक्तातले जादा मीठ काढून टाकतात आणि ते दाट खारे पाणी नाकपुड्यांतून ठिबकते. पेट्रेल आणि शिअरवॉटर यांच्या चोचीवर नाकपुड्यांच्या नळ्या स्पष्ट दिसतात.

किनाऱ्यावरून हे पक्षी पाहायचे तर दिवस असा निवडावा की एक-दोन दिवस पश्चिमेचा जोरदार वारा वाहून गेला आहे आणि पाऊस नुकताच उघडला आहे. त्या वाऱ्याने पक्षी किनाऱ्याकडे रेटले जातात आणि पाऊस उघडल्यावर ते परत बाहेर जाताना नजरेच्या टप्प्यातून जातात. पुळणीवर उभे राहण्यापेक्षा थोडी उंची घ्यावी. माणसाच्या उंचीवरून क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते, पन्नास मीटर उंचीवरून ते पंचवीस किलोमीटरपर्यंत जाते. अर्थात इतक्या दूरचा पक्षी कोणालाच ओळखता येत नाही. उंचीचा खरा फायदा हा की दोन लाटांच्या मधल्या खळग्यात दडणारा पक्षी वरून सलग दिसत राहतो. रत्नदुर्गासारखी भूशिरे, दीपगृहाजवळचे सडे यासाठी उत्तम. फार उंच गेल्यास मात्र पाठीच पाठी दिसतात आणि पोटाचा रंग कळत नाही, म्हणून मध्यम उंची बरी. पावसाळ्यात कड्याच्या टोकाशी जाऊ नये, जांभा निसरडा असतो.

स्कोप एका जागी स्थिर ठेवून क्षितिजाच्या किंचित खालच्या पट्ट्यावर नजर ठेवावी आणि पक्ष्यांना त्या चौकटीतून जाऊ द्यावे. सतत स्कोप फिरवणाऱ्याला फारसे काही सापडत नाही. दूरच्या पक्ष्याचा रंग नव्हे, उडण्याची रीत पाहावी. शिअरवॉटर पंख ताठ धरून लाटेच्या उतारावर तिरपा होत घसरत जातो, बूबी जड अंगाने सरळ रेषेत पंख मारत-तरंगत जातो, आणि सुरयांच्या मागे लागून त्यांच्या चोचीतला मासा सोडवून घेणारा गडद, दणकट पक्षी दिसला तर तो स्कुआ असण्याची शक्यता मोठी. स्कुआ हिवाळ्यातही दिसतात, त्यामुळे आपल्या फेब्रुवारीच्या सहलीत रापणीच्या पलीकडे दूरवर सुरयांची पळापळ दिसली तर तिकडे स्कोप वळवावा. त्याच दिवसांत खुल्या समुद्रात लाल मानेचे फॅलॅरोपही असतात. पाण्यावर भिंगरीसारखे गरगर फिरत अन्न टिपणारे हे पक्षी स्थलांतराच्या वाटेवर कधीकधी देशावरच्या जलाशयांतही उतरतात, तेव्हा सप्टेंबरनंतर हिप्परग्यावरही लक्ष असू द्यावे.

महाराष्ट्रात समुद्री सुरयांच्या विणीची प्रसिद्ध जागा म्हणजे वेंगुर्ल्यासमोर समुद्रात असलेले वेंगुर्ला रॉक्स. तिथे ब्रायडल्ड सुरय घरटी करतात, आणि तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. एकोणिसाव्या शतकात पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी लक्षद्वीपकडे जाताना या खडकांची पाहणी केली होती, आणि अलीकडच्या काळात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथल्या पाकोळ्यांच्या संरक्षणाचे काम केले आहे. कोणी बोटवाला उतरवून देतो म्हणाला तरी तिथे उतरू नये. विणीच्या काळात माणूस उतरला की सुरय उठतात आणि उघडी अंडी उन्हात पडतात. बोटीतून लांबूनही उडणारे सुरय दिसतात.

मासेमारीच्या बोटीतून समुद्रात जाण्याचा विचार पावसाळ्यात करूच नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, आणि नंतरही नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र शांत झालेला नसतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा बोटीसाठी शहाणपणाचा काळ.

पूर्वभाग

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक आवश्यक माहिती देते. वादळी वाऱ्यानंतर पुळणीवर थकलेला बूबी, शिअरवॉटर किंवा सुटी सुरय पडलेला सापडतो, तेव्हा लोक सद्भावनेने त्याला उचलून पुन्हा लाटेत सोडतात. तो समुद्राचा पक्षी असला तरी दमल्यामुळेच किनाऱ्यावर आलेला असतो. पाण्यात टाकल्यास तो बहुधा बुडतो किंवा कुत्र्यांच्या तोंडी जातो. हातात जाड कापड किंवा हातमोजे घालून, त्याची चोच आपल्या चेहऱ्यापासून दूर ठेवून (बूबीची चोच सहज डोळा फोडू शकते), त्याला हवेची छिद्रे असलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. जबरदस्तीने पाणी पाजू नये, भात-पोळी तर अजिबात घालू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून त्यांच्याकडे सोपवावे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे असा पक्षी घरी ठेवून घेता येत नाही.

मृत पक्षी सापडला तर उघड्या हाताने स्पर्श न करता चोच, पाय, पंखाची वरची व खालची बाजू यांची छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवावे, आणि पायात अभ्यासकांनी घातलेला वाळा आहे का ते पाहावे. वाळ्यावरील क्रमांक वन विभागाला कळवावा.

सड्यावरचा

हिप्परगेकर, आपला बेत उत्तम आहे, फक्त दोन बदल सुचवतो. द्वादशीच्या सकाळी भाट्ये येथे भरती आठ-सव्वाआठलाच पूर्ण होऊ शकते, म्हणून त्या दिवशी उजाडताच पुळणीवर असावे. त्रयोदशीला थोडी उसंत मिळेल. आणि दोन्ही सकाळी एकच जागा पाहावी. पहिल्या दिवशी थवा नेमका कुठे विसावतो हे कळले की दुसऱ्या दिवशी पाणी चढण्याआधीच, योग्य अंतर राखून, सूर्य पाठीशी घेऊन बसता येते आणि पक्षी आपण होऊन समोर येतात. मधल्या दुपारी ओहोटी असेल, तेव्हा खाडीच्या पुलावरून आतला चिखल पाहावा. तिथे उन्हाचा त्रास कमी होतो, कारण पूर्वेकडे पाहता येते. निघण्याआधी भरतीच्या छापील किंवा मोबाइलवरच्या वेळापत्रकाशी तिथीचा हिशेब एकदा ताडून घ्यावा, आणि स्कोपच्या भिंगांसाठी मऊ कापड व गोड्या पाण्याची लहान बाटली सोबत ठेवावी. खारे तुषार कोरड्या कापडाने पुसल्यास भिंगावर ओरखडे उठतात.